कोरियन कलांचे यश आणि सरकारी खजिना

संपादक महाशय,



कोरियन चित्रपट-साहित्याची परदेशांतील लोकप्रियता ही निव्वळ सरकारी खजिन्याची करामत होय, हा गतांकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे. सरकारी साहाय्य मिळाले, हे निर्विवाद. परंतु ज्या देशात लष्करी अमदानीत प्रत्येक चित्रपटावर कात्री चालत असे, तेथे 1996 साली घटना-न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरविली, आणि त्या मोकळिकीत उदयास आलेल्या दिग्दर्शक बोंग जून-हो यांच्या, स्वसमाजातील वर्गविषमता निर्भीडपणे दाखविणाऱ्या ‘पॅरासाइट’ला 2020 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर लाभले, जे तत्पूर्वी कोणत्याही इंग्रजीतर चित्रपटास लाभले नव्हते, या वस्तुस्थितीची उपपत्ती केवळ अनुदानाने लागत नाही. ग्वांगजू येथील 1980 च्या हत्याकांडावर कादंबरी लिहिणाऱ्या हान कांग यांना 2024 चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही राज्यकर्त्यांच्या मर्जीने नव्हे. कारण माजी राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्या सरकारने सिद्ध केलेल्या, नकोशा कलावंतांच्या काळ्या यादीत बोंग आणि हान या दोघांचीही नावे होती. राज्याश्रय कलेस उपकारक असतो, परंतु जगन्मान्यता तिला कलावंताच्या निर्भयतेनेच प्राप्त होते, हे पत्रलेखकांनी कृपया ध्यानी घ्यावे.



आपला नम्र,
एक वाचक