उन्हाळा, लॅब्राडोर आणि झिरो मशीन

मार्च लागला की धामनोदसारख्या निमाडातल्या गावात, कुत्रा पाळलेल्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक आजीचं, "वरणात केस आला!" दुसरं आपल्या पिढीचं, "याला झिरो मशीन मारून आणू, केसही जातील आणि बिचाऱ्याला गारही वाटेल."

आजीचं खरं आहे. आपलं चुकतं.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीसारखा मऊ. वरचा थर ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाही, जुन्या वाड्याच्या जाड भिंतीसारखा. तो भादरला की मे महिन्याच्या उन्हात कातडी भाजते, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर नीट येतच नाहीत. शिवाय गळणं थांबत नाही. लांब केसांऐवजी बारीक, टोचरे केस पडतात आणि ते सोफ्यातून निघता निघत नाहीत. कुणाला शिंका येत असतील तर त्याही थांबणार नाहीत, कारण ॲलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते.

दिवस मोठा होऊ लागला की आतली लव सुटते. ती पडणारच, प्रश्न इतकाच की फरशीवर की ब्रशवर. या दिवसांत रोज दहा मिनिटं, अंगणात किंवा गॅलरीत, झाडू मारण्याआधी, केसांच्या दिशेनं ब्रश फिरवा. लॅब्राडोरला रबरी ब्रश, पॉमेरेनियनला लांब दातांचा कंगवा. अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, आणि आपला शॅम्पू नको. त्याच्या कातडीला तो मानवत नाही. खाण्याकडेही बघा. केस म्हणजे प्रथिनंच, नुसत्या दूध-पोळीवर वाढलेला कुत्रा अंगावरून ओळखू येतो.

मात्र चट्टे पडून केस जात असतील, सारखी खाज असेल, गोचिड्या दिसत असतील, तर ब्रश ठेवा आणि पशुवैद्यांकडे जा.

अजून कुत्रा घ्यायचाच असेल, तर घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात नावारूपाला आलेला मुधोळ हाउंड आठवावा. 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेला हा कुत्रा आखूड केसांचा, झाडूला कमी काम देणारा. पण जात शिकारी, रोज मोकळं रान लागतं. टू बीएचकेत आणलात तर केस कमी पडतील, सोफा मात्र वाचेलच असं नाही.