बिघडणाऱ्या यंत्राच्या बाजूने

टेबल टेनिस हा दोघांचा खेळ आहे, हे मला पहिल्या वर्षी जिमखान्यात चांगलेच समजले. आमच्या मराठी शाळेत कबड्डी होती, खो-खो होता, टेबल नव्हते. जिमखान्यात मात्र दोन टेबले आणि खेळणारे पंधरा-वीस. चांगला खेळाडू नवख्याबरोबर आपला वेळ का घालवील? महिनाभर माझ्याकडे चेंडू गोळा करून देण्याचेच काम होते. यात दोष कोणाचाच नव्हता; परंतु काठावर बसून पोहणे येत नाही, हेही तितकेच खरे.

माझ्या एका वर्गमित्राची अवस्था हीच होती. तो कन्नड माध्यमातून आलेला. आम्ही दोघांनी चेंडू फेकणारे यंत्र घरीच करावयाचे ठरविले, कारण विकतच्या यंत्राची किंमत ऐकूनच घाम फुटला होता.

कल्पना साधी आहे. वर एक आणि खाली एक अशा दोन फिरत्या चाकांच्या फटीत चेंडू सोडला की तो जोराने पुढे फेकला जातो. वरचे चाक अधिक वेगाने फिरले तर टॉपस्पिन, खालचे फिरले तर बॅकस्पिन. कागदावर सारे अर्ध्या तासात जमले. प्रत्यक्षात तीन महिने गेले.

पहिली फजिती नळीची. चेंडू ४० मिलिमीटरचा, म्हणून आम्ही ४० मिलिमीटरची पीव्हीसी नळी आणली. चेंडू आत जाईना! नळीवर छापलेले माप बाहेरचे असते, हे दुकानदाराने हसत हसत सांगितले. मग ५० ची आणली. दुसरी फजिती डब्याची. डब्यातले चेंडू एकमेकांना अडवून कमान धरीत आणि खाली एकही उतरत नसे. मित्राचे काका उद्यमबागेत लेथवर काम करतात. त्यांनी चकतीवर एक रबरी पट्टी बसवावयास सांगितली. चकती फिरली की पट्टी चेंडू ढवळते. ती चकती फिरवावयास भंगारातून मोटारीच्या वायपरची मोटर मिळाली. चकतीला भोक एकच, म्हणून फेऱ्याला चेंडू एकच. चाकांना आम्ही जुन्या बॅटचे स्पंज-रबर चिकटविले. फट ४० पेक्षा किंचित कमी हवी. फार कमी केली, तर २.७ ग्रॅमचा तो बिचारा चेंडू चेपतो. असे सात चेंडू आम्ही घालविले.

आता मी वाणिज्य शाखेचा, तेव्हा हिशेब आलाच. साहित्याचा खर्च २,१४० रुपये. मजुरीचा रकाना कोरा. कॉस्टिंगच्या पेपरात असे लिहिले तर गुण मिळणार नाहीत. तीन महिन्यांची दोघांची मजुरी धरली, तर आमचे यंत्र विकतच्यापेक्षा महाग पडेल. मग आम्ही तोट्यात गेलो काय?

मला तसे वाटत नाही. माझ्या माहितीच्या एका क्लबात विकतचे यंत्र कापडाखाली झाकून पडले आहे. बिघाड बारीकच असेल. पण उघडून पाहण्याचा धीर कोणाला नाही. आमचे यंत्र आजवर अकरा वेळा बिघडले आणि अकराही वेळा आम्हीच ते चालू केले. हा लाभ कोणत्या खात्यात जमा करावयाचा?

काहीजण म्हणतात, यंत्राशी खेळून खेळाडू घडत नाही. मान्य आहे. चेंडू डावी-उजवीकडे जावा म्हणून आम्ही जुन्या टेबल-फॅनची मान फिरविणारा भाग बसविला, तरी दहा मिनिटांत त्याची लय अंगवळणी पडते. समोरचा माणूस फसवतो, यंत्र फसवत नाही. परंतु फटका बसेपर्यंत शंभर वेळा तोच चेंडू न कंटाळता कोण देईल? नवख्याला टेबलापाशी उभे राहण्याइतके बळ यंत्र देते. मला दिले, आज जुने खेळाडू मला खेळावयास घेतात.

म्हणून माझी मागणी यंत्र विकत घेण्याची नाही. जिमखान्याच्या एका कोपऱ्यात एक मजबूत बाक, एक व्हाइस, सोल्डरिंगची इस्त्री आणि चार पाने-पेचकस ठेवावेत, आणि ते कला-वाणिज्याच्या मुलामुलींनाही खुले असावेत. आम्ही वस्तूची किंमत काढावयास शिकतो. ती वस्तू आतून कशी असते हे शिकत नाही. दोन्ही एकाच माणसाला का येऊ नये?

यंत्र बिघडले की आम्ही दोघे जमिनीवर बसतो. तो कन्नडातून बडबडतो, मी मराठीतून. चाकाला, पट्टीला, स्क्रूला काय म्हणावे यावरून वादही होतात. चेंडूवरून मात्र कधी झाला नाही. त्याला दोघेही चेंडूच म्हणतो.