याला 'मदत' म्हणायचं?

आपल्या येवल्यात पैठणीच्या पाट्या वाचा. 'अँड सन्स' सापडेल, 'अँड सून' नाही. पण पदरावरचा बांगडी मोर ग्राफवर कोण उतरवतं? काठाचा रंग, बुट्ट्यांमधलं अंतर कोण ठरवतं? मला अशा घरांतून एकच उत्तर मिळतं, "सूनबाई मदत करते."

मदत? गिऱ्हाईक ज्या नक्षीवर भाळतं, तो धंद्याचा जीव आहे, राव! २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातले ७२ टक्के विणकर महिला निघाल्या. मालकीच्या कागदावर किती?

येत्या ७ ऑगस्टला, हातमाग दिनी, साडी-चोळीचे सत्कार पुरे. नक्षीचे पैसे तिच्या खात्यात टाका, फर्ममध्ये भागीदार करा. तयारी आहे का? बोला!