घरफोडी प्रतिबंधासाठी निवासी भागांतील बाह्य प्रकाशयोजनेबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीस्तव : मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : निवासी इमारतींच्या बाह्य प्रकाशयोजनेचे नियम ठरवणे व गल्लीबोळांतील दिवाबत्तीची देखभाल करणे याबाबत.

महोदय,

भारतीय न्याय संहिता, 2023 मधील कलम 331 अन्वये चोरीच्या उद्देशाने दिवसा केलेल्या घरफोडीस 10 वर्षांपर्यंत, तर सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीस 14 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि पोलीस ठाण्यांतही दिवसाची व रात्रीची घरफोडी वेगवेगळी नोंदवली जाते. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार महानगरपालिकांचे आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 नुसार नगरपरिषदांचे बंधनकारक कर्तव्य आहे. तथापि हे कर्तव्य बहुधा खांबांची संख्या आणि दिव्यांचे वॅट यांतच मोजले जाते; उजेड नेमका कोठे पडतो आणि त्यात दिसणाऱ्या माणसाकडे पाहणारे कोणी आहे का, हे विचारलेच जात नाही. प्रस्तुत निवेदनाचा सारा भर याच प्रश्नांवर आहे.

उजेड वाढवला की चोरी थांबते, ही समजूत अनुभवाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरलेली नाही. न्यूयॉर्क शहरात 2016 मध्ये सरकारी गृहवसाहतींपैकी काहींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून तेथे तीव्र प्रकाशाचे मनोरे उभारले गेले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पण या वसाहतींची अंगणे शेकडो खिडक्यांच्या नजरेखाली होती. याउलट शिकागोत 1998 पासून इमारतींमागच्या बोळांतील 90 वॅटचे दिवे काढून 250 वॅटचे बसवण्यात आले, तेव्हा पाहणी केलेल्या भागात नोंदलेले गुन्हे 21 टक्क्यांनी वाढले. उजेडामुळे पूर्वी न दिसणारे प्रकार दिसू लागले व तक्रारी वाढल्या, हा त्याचा एक संभाव्य अर्थ असला, तरी निर्मनुष्य बोळात लावलेला दिवा चोरालाही कुलूप नीट दाखवतो, हेही तितकेच खरे आहे. इंग्लंड व वेल्समधील 62 स्थानिक संस्थांच्या क्षेत्रांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर असे सांगतो की, मध्यरात्रीनंतर पथदिवे मंद वा बंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच रस्त्यावर असलेल्या नजरांना सुरक्षिततेचा पाया मानले होते, आणि या तिन्ही ठिकाणचे निष्कर्ष त्या विचाराशी जुळतात.

राज्यातील गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रत्यक्षात काय घडते, ते लक्षात घेणे आवश्यक आहे. कुंपणाच्या भिंतीवर आडवा रोखलेला एलईडी फ्लडलाइट फाटकातून आत पाहणाऱ्याचे डोळे दिपवतो, त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला काळीकुट्ट सावली पडते, आणि वॉचमनला दिव्याच्या झगझगाटापलीकडे उभा असलेला माणूस दिसतच नाही. मानवी डोळ्याला उजेडातून अंधारात सरावण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात. त्यामुळे तीव्र दिव्याच्या कडेचा अंधार असतो त्याहून गडद भासतो. अंगण, जिना, पार्किंग आणि परसदार अशा ठिकाणी मंद पण सलग, खाली वळवलेला आणि वरून झाकलेला उजेड हाच म्हणून खरा उपयोगाचा ठरतो. जेथे सतत उजेडाची गरज नाही तेथे हालचाल ओळखणारा दिवा, म्हणजे माणसाच्या अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतील बदल टिपून आपोआप पेटणारा दिवा, अधिक परिणामकारक ठरतो, कारण तो अचानक पेटल्याने शेजाऱ्यांचे लक्ष तिकडे वळते. मात्र त्याचा रोख भटक्या कुत्र्यामांजरांमुळे वारंवार पेटणार नाही असा ठेवावा लागतो, अन्यथा चार दिवसांत कोणी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

दिवाळीत व मे महिन्याच्या सुटीत कुटुंबे गावी गेली की बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून ऐवज लंपास झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा घराच्या दारावरचा दिवा दिवसाढवळ्याही जळत असेल, तर घरात कोणी नाही हे तो दिवाच सांगतो. बाहेरचा दिवा प्रकाशसंवेदकावर, म्हणजे अंधार पडताच पेटून उजाडताच विझणाऱ्या यंत्रणेवर, आणि घरातला एखादा दिवा टायमरवर ठेवणे हा अत्यंत कमी खर्चाचा उपाय आहे. तो बहुतेकांना कोणी सांगितलेलाच नाही, याची खंत वाटते.

या पार्श्वभूमीवर मुख्य मागणी अशी की, मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागास लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत निवासी इमारतींच्या बाह्य दिव्यांचा रोख, आच्छादन व रंगछटा यांविषयी तरतूद करावी, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी तिची तपासणी व्हावी. दिवे 3000 केल्विनपर्यंतच्या उबदार छटेचे असावेत, कारण निळसर पांढरा प्रकाश अधिक विखुरतो व डोळे अधिक दिपवतो. बंद पडलेल्या पथदिव्याची तक्रार नोंदल्यापासून तो किती काळात दुरुस्त झाला, हे प्रभागनिहाय जाहीर करणे स्थानिक संस्थांना बंधनकारक करावे, कारण 2015 पासूनच्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमातून एलईडी दिवे आले असले, तरी विझलेला दिवा कितीही वीजबचत करणारा असला तरी निरुपयोगीच असतो. नवा दिवा कोठे लावायचा, हे नगरसेवकांच्या शिफारशीपेक्षा रात्रीच्या घरफोड्यांच्या नोंदी आणि पोलीस व रहिवासी यांची संयुक्त रात्रपाहणी यांवरून ठरवावे, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यांनी घरफोडीच्या नोंदीत प्रवेशाची जागा व तेथील उजेडाची स्थिती लिहावी.

याच राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारे क्षेत्र, ठरला असून, त्यासाठी तेथील दिवे झाकून खाली वळवण्यात आले. जंगलालगतच्या गावांत जे साधले ते शहरांतील वसाहतींतही साधता येईल, आणि घराची राखण करताना आकाश व शेजाऱ्यांची झोप यांचा बळी द्यावा लागणार नाही. येत्या मे महिन्याच्या सुटीपूर्वी निदान पथदिव्यांच्या दुरुस्तीस लागलेला काळ जाहीर करण्याबाबतचा आदेश निर्गमित करावा आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती निवेदकांना द्यावी, ही विनंती.

निवेदक,
राज्यातील नागरी भागांतील गृहनिर्माण संस्थांचे सभासद व रहिवासी