नकाराचा खर्च कोण मांडणार?

नोव्हेंबर २०१९ मध्ये जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरील सांभर सरोवरात १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूची शंका फेटाळली. पुढे बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने बोटुलिझमचे निदान केले. मृत पक्ष्यांवरील विषारी अळ्या खाऊन जिवंत पक्षी मरतात, असा हा रोग. उशिराचा प्रत्येक दिवस नवे बळी घेतो.

आपले प्रशासन रानपक्ष्याची चौकशी तो मेल्यावरच करते, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवंत पक्षी धरून रक्ताचे चार थेंब घ्यायचे, तर वन्यजीव अधिनियम, १९७२ च्या कलम १२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो. पहिल्या अनुसूचीतील पक्ष्यासाठी केंद्राची पूर्वपरवानगीही. या तरतुदीशी माझे भांडण नाही. अननुभवी हातांत जाळीतला पक्षी दगावतो, हे खरेच आहे. माझे भांडण मौनाशी आहे. अर्ज नाकारला जात नाही, पडून राहतो. माझ्या परिचयातील एका संशोधकाने हिवाळी पाहुण्यांसाठी मागितलेला परवाना मे महिन्यात हाती आला. तोवर पक्षी हिमालयापार गेले होते!

या भीतीला इतिहास आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडताप आढळला. त्याचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असावा, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले. भरतपूरलाही ते चालले. पुढे त्यात अमेरिकी लष्कराचा पैसा आल्याचे उघड झाले आणि १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहभागाच्या अशा संशोधनावर कठोर ताशेरे ओढले. ते योग्यच होते. परंतु समितीचा रोख परकीय हेतूंवर होता. आपण त्यातून सही न करण्याचा धडा घेतला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला संधी-खर्च आठवतो. परवाना देऊन चूक झाली, तर अधिकाऱ्याची चौकशी होते. न दिल्याने रोग उशिरा कळला, तर तो खर्च कोणत्याच लेखाशीर्षात दिसत नाही. असा अधिकारी भित्रा नव्हे, व्यवहारी ठरतो.

म्हणून कलम १२ खालील अर्जावर ४५ दिवसांत सकारण लेखी निर्णय द्यावा. न दिल्यास प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे जावे. संशोधकानेही किती पक्षी धरले आणि त्यांतील किती मेले, हे दरवर्षी जाहीर करावे. दोन्ही पक्षांना हे जाचक वाटेल, याची मला कल्पना आहे.