मार्कंड्याच्या छपराची तारीख सांगा

महाशिवरात्र आली की मुलचेऱ्याची माणसे आष्टीवरून चामोर्शीच्या वाटेला लागतात. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेला वळते. तिथे बुडी मारायची, मार्कंडेश्वराचे दर्शन घ्यायचे, जत्रेतून पोरांसाठी काहीबाही आणायचे. गेल्या दशकात मात्र दर्शनाला जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसू लागली: देवळाच्या माथ्यावरून खाली उतरवलेले, आकडे टाकलेले दगड.

या माथ्याचे दुखणे जुने. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी शिखरावर वीज पडली आणि तुटलेला भाग महामंडपाच्या छपरावर कोसळला. पुढे ओबडधोबड खांबांचे टेकू देऊन छप्पर कसेबसे तोलले गेले. छपराचा दगड सरकला की पाणी मुरते, फटीत पिंपळ रुजतो, मग मुळेच दगड ढकलू लागतात. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड उतरवायला घेतले, ते योग्यच झाले.

पण उतरवल्यावर काम अडले, आणि वर्षे गेली. घरावरचे कवेलू उतरवणारा माणूस मृग लागायच्या आत ते परत चढवतो. एवढे इथले शेंबडे पोरही जाणते!

‘जुने काम आहे, वेळ लागणारच’ हे उत्तर ठरलेले. पॅरिसचे नोत्र दाम चर्च काय नवे होते? 15 एप्रिल 2019 ला त्याचे छप्पर जळाले. त्यात ओकच्या तुळया इतक्या होत्या की लोक त्याला ‘अरण्य’ म्हणत. सुतारांनी कुऱ्हाडीने तासून पुन्हा तशाच तुळया घडवल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये चर्च उघडले. तिथे देणग्यांचा पूर आला, मार्कंड्याला तो येणार नाही, हे मान्य. मात्र फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी पाच वर्षांची मुदत चारचौघांत बोलून दाखवली होती. ती चुकली तेव्हा किती महिन्यांनी चुकली, हे साऱ्यांना मोजता आले.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत गेले. त्याचा अभिमान इथे कुणाला नाही? फक्त तेवढीच घाई घरच्या देवळासाठी दिसावी.

मागणी साधी आहे. मार्कंड्याच्या दारात मराठी फलक लागावा: किती दगड उतरले, किती चढले, पुढचा टप्पा कोणत्या महिन्यात. दगडांवर आकडे आहेतच, बेरीज तेवढी करायची. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतल्या ग्रामसभांनी तसे ठराव येत्या महाशिवरात्रीच्या आत पाठवावेत.