सराई: जिथे आता कुणी थांबत नाही

अजिंठा म्हटलं की आपला कार्यक्रम ठरलेला. पहाटे संभाजीनगरहून गाडी काढायची, शंभरेक किलोमीटर जायचं, लेणी बघायची, पद्मपाणीपुढे दोन मिनिटं गप्प व्हायचं आणि रात्री परत. वाटेत अजिंठा नावाचं एक गावही लागतं, पण तिथे थांबतो कोण? गंमत म्हणजे एके काळी थांबण्याची जागा हीच या गावाची ओळख होती!

जॉन स्मिथ लेण्यांपर्यंत पोचला १८१९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून बुऱ्हाणपूर-औरंगाबाद रस्ता धो धो वाहत होता. फौजा, व्यापारी, बैलांचे तांडे, सगळे अजिंठ्याच्या घाटातून जायचे. घाटाखाली फर्दापूरची सराई, ती औरंगजेबाच्या काळातली मानतात. घाटावर अजिंठ्याची, पहिल्या निजामाच्या काळातली. दोन्हींत अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. एवढ्या जवळ दोन सराया कशाला? माझा तर्क असा, की लादलेला बैल संध्याकाळी घाट चढत नाही. म्हणून खाली मुक्काम, सकाळी चढण, वर पुन्हा विसावा. आमच्या भाषेत, युजरचा विचार करून केलेलं डिझाइन.

रचनाही साधी. चौफेर भिंत, भक्कम दरवाजा, मध्ये अंगण, कडेने कमानींच्या खोल्या. रात्री दरवाजा लावला की माणूस, माल, जनावर निर्धास्त.

मग रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबईची गाडी भुसावळ-बुऱ्हाणपूरवरून थेट उत्तरेत जाऊ लागली. १९०० मध्ये मनमाडहून औरंगाबादला रूळ पोचले. घाट चढायची गरजच संपली. पुढे मोटार आली, तिला मुक्काम कशाला हवा? सराई कुणी पाडली नाही, तिचं काम गेलं.

इथपर्यंत ठीक आहे, काळाचा महिमा. पण आपल्या काळातही आपण फर्दापूरजवळ एक 'सराई' बांधलीच की! जपानी कर्जातून उभं राहिलेलं अजिंठा अभ्यागत केंद्र, आत चार लेण्यांच्या प्रतिकृती. काही वर्षांतच ते पाणी-विजेच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. जुन्या सराईला निदान रेल्वेने हरवलं, हिला बिलाने!

मला वाटतं, आपल्याकडे पैसा इमारतीला मिळतो, ती चालवायला मिळत नाही. नवं फीचर आणणाऱ्याला टाळ्या, रात्री सर्व्हर जागता ठेवणारा कुणाला माहीतच नाही. तसलाच प्रकार.

म्हणून माझं मत सरळ आहे. नवं काही बांधू नका. अजिंठ्याच्या सराईची नीट डागडुजी करा आणि तिला तिचं जुनं काम परत द्या. पाणी, सावली, चहा आणि मुख्य म्हणजे स्वच्छ स्वच्छतागृह. या रस्त्याने आई-बहिणीला घेऊन गेलेल्यांना त्याची किंमत सांगायला नको. चालवायला गावातला बचत गट असावा, उत्पन्नातला ठरावीक वाटा देखभालीला जावा. वारशाच्या वास्तूत चहा कसला विकता, असं कुणी म्हणेल. अहो, ती बांधलीच होती वाटसरूंसाठी!

असो. पुढच्या वेळी लेण्यांकडे निघालात तर गावात अर्धा तास थांबा, सराई बघा. थांबणारे दिसले, तरच कुणीतरी तो दरवाजा उघडा ठेवेल.